भाऊजी आणि गोराईचं खाजण

उभ्या बोरीवलीत मान खाली घालून चालणारी माणसं दोनच प्रकारची होती: ज्यांचं काहीतरी हरवलं होतं ती, आणि आमचे भाऊजी. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. स्टेशनवरून घरी पोचायला इतरांना वीस मिनिटं लागत, भाऊजींना दीड तास लागे, कारण वाटेत जे काही सरपटत, उडत किंवा नुसतं उगवत असेल त्याची विचारपूस केल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे. एकदा भर बाजारात ते एका भाजीवालीच्या टोपलीपुढे उकिडवे बसले. तिला वाटलं गिऱ्हाईक आलं, तिने माठाची जुडी पुढे केली. भाऊजी म्हणाले, "जुडी नको. त्या पानावरची अळी देता का?" बाईने अळीसकट पान दिलं आणि शेजारणीकडे बघून कपाळाजवळ बोट फिरवलं. भाऊजींनी पान अलगद खिशात ठेवलं. त्या खिशात आधीपासून कोण कोण राहायला होतं, ते ताईला कपडे भिजवताना कळायचं.

मूळचे ते रसायनशास्त्राचे. गोरेगावला रंगाच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होते, कायम नोकरीत. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट असेल. एका संध्याकाळी कारखान्यातून आले आणि चहा पिता पिता ताईला म्हणाले, "मी आता जंगलाचं काम करणार." ताईला वाटलं, नॅशनल पार्कात एखादी सरकारी जागा निघाली. ती म्हणाली, "बरं आहे, घरापासून जवळ पडेल." दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या दारावर पाटी लागली: 'पर्यावरण सल्लागार'. तेव्हा पर्यावरण हा शब्द आमच्याकडे फक्त रेडिओवर ऐकू यायचा, आणि त्यात कुणी सल्ला देऊन पोट भरू शकतं हे तर रेडिओनेही सांगितलं नव्हतं. पहिल्या महिन्यात तीन माणसं सल्ला घ्यायला आली. सोसायटीचे सेक्रेटरी गटार तुंबलं म्हणून आले. एक गृहस्थ तुळस कुठल्या दिशेला लावू हे विचारायला आले. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बेन कबुतरं हाकलायचा उपाय मागायला आल्या. भाऊजींनी बेनना तासभर कबुतरांचा संसार समजावून सांगितला, जोडी कशी जमते, अंडी कोण कधी उबवतं, सगळं. पुढच्या आठवड्यात बेनच्या खिडकीत जोंधळ्याची वाटी दिसायला लागली.

जंगलात कुजबुजायची सवय झाल्याने ते घरातही कुजबुजत. मीठ वाढ हे वाक्यसुद्धा, पलीकडे सांबर उभं असल्यासारखं बोलत. स्वयंपाकघरात फळीवर डब्यांची रांग होती, आणि ताईने त्यांतल्या तीन डब्यांवर लाल रंगाने फुल्या मारल्या होत्या, कारण त्यांत बिबट्याची वाळलेली विष्ठा असे. बिबट्या काय खातो ते त्यावरून कळतं म्हणे. आलेल्या पाहुण्याला ते कौतुकाने दाखवत. "हे बघा, कुत्र्याचे केस. म्हणजे हा आपल्याच भागात जेवतोय." पाहुणा चहा तसाच ठेवून उठे. आणि माझ्या लग्नात, मे महिन्यात, मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी हात वर करून भटजींना थांबवलं. माझ्या सासऱ्यांचा चेहरा उतरला. भाऊजी छताकडे बघत कुजबुजले, "पंख्याच्या वाटीत चिमणीची पिल्लं आहेत. सगळे पंखे बंद करा." उरलेलं लग्न घामाने निथळत पार पडलं. माझ्या सासुरवाडीचे लोक अजून त्या लग्नाचा विषय निघाला की आधी पदराने वारा घेतात.

पण या सगळ्या गमतीच्या खाली ताईच्या जिवाला घोर होता, आणि तो मला एका सकाळी दिसला. त्यांच्या इमारतीच्या मागे पाण्याची टाकी होती आणि टाकीमागे नॅशनल पार्काची भिंत. त्या दिवशी टाकीखाली बिबट्या येऊन बसला होता. अर्ध्या तासात शंभरेक माणसं काठ्या, सळ्या घेऊन जमली. भाऊजी घरच्या लेंग्यावरच खाली गेले आणि टाकीकडे जायच्या बोळाच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभे राहिले. बिबट्याकडे पाठ, तोंड आमच्याकडे. मी म्हटलं, "भाऊजी, तो मागे आहे. तिकडे तरी बघा." ते म्हणाले, "तो घाबरलाय, तो काही करणार नाही. लक्ष तुमच्यावर ठेवायला हवं." वनखात्याची माणसं येईपर्यंत तीन तास ते तसेच उभे होते. कुणी त्यांना ढकललं, कुणी शिव्या घातल्या, एक दगड त्यांच्या खांद्याला लागला. मी वर पाहिलं तर ताई गॅलरीत कठडा धरून उभी होती. बिबट्या भिंतीवरून परत गेला, लोक पांगले, आणि मी वर गेलो तेव्हा तिची बोटं कठड्यावरून मला सोडवावी लागली.

ताई शाळेत शिकवत होती आणि घर तिच्यावर चाललं होतं. ती भांडली नाही. एका रविवारी मी बसलेलो असतानाच ती भाऊजींना म्हणाली, "कारखान्यातले तुमचे साहेब मला भेटले. तुमची जागा त्यांनी अजून भरली नाही. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाले. दिवाळीपर्यंत तुमचं काही मार्गी लागलं तर ठीक, नाहीतर तुम्ही परत जायचं." भाऊजी म्हणाले, "चालेल." एकदा चालेल म्हटलं की ते चालवायचे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. म्हणूनच ताईचे डोळे भरले असावेत.

आणि मग भाद्रपदात काम चालून आलं. अंधेरीच्या एका कंपनीला गोराईला समुद्राकाठी सुट्टीत राहायचे बंगले बांधायचे होते. तिथवर रस्ता नेण्यासाठी खाजणातून बांध घालायचा होता. खाजण म्हणजे भरतीला पाण्याखाली जाणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची जमीन, तिवरांची झाडं असलेली. त्या खाजणात काय झाडं, काय जनावरं आहेत ते पाहून अहवाल लिहायचा, तो गावकऱ्यांना वाचून दाखवायचा आणि त्यांची संमती मिळवायची, असा कंपनीचा बेत होता. गावात वाचायचा म्हणून अहवाल मराठीत हवा होता. भाऊजींना सहा आठवडे दिले. भाऊजी म्हणाले, "खाजण कळायला एक वर्ष लागतं." कंपनीचे मॅनेजर हसून म्हणाले, "आमचं खाजण लहान आहे."

मी अंधेरीला एका कचेरीत मराठी टंकलेखक होतो. भाऊजींचं अक्षर पावसात भिजलेल्या मुंग्यांसारखं, त्यामुळे टाइप करायचं काम माझ्याकडे आलं, आणि रविवारी त्यांच्याबरोबर खाजणात जायचं कामही. बोरीवलीहून बसने खाडीपर्यंत, तिथून होडीने पलीकडे. भाऊजी चिखलावर सुतळीचा चौकोन मांडत आणि चौकोनात काय काय आहे ते मोजत. निवटे, म्हणजे चिखलावर उड्या मारणारे ते डोळे वटारलेले मासे. खेकडे. कालवं. बोय माशाची बोटभर पिल्लं. मी सुतळीचं दुसरं टोक धरून उभा. सरकारी कचेरीत बारा वर्षं काढून मला वाटायचं की मोजणं म्हणजे काय ते मला कळतं. भाऊजी निवटे मोजायला लागले की एक निवटा बिळात गेला तरी पहिल्यापासून मोजत.

चौथ्या रविवारी आम्ही खाजणात बरेच आत होतो. मला मागच्या बाजूला सळसळ ऐकू आली. मी म्हटलं, "भाऊजी, भरती लागली वाटतं." त्यांनी मनगटाकडे बघितलं. "अजून चाळीस मिनिटं आहेत." पुन्हा मोजायला लागले. थोड्या वेळाने मी परत म्हटलं, पाणी आलं. त्यांनी परत घड्याळ पाहिलं. "चाळीस मिनिटं." तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते दोन्ही वेळा तेच म्हणाले होते. घड्याळात चिखल जाऊन काटा कधीचा थांबला होता. मी वळून पाहिलं तर ज्या वाटेने आलो तिथे पाणी होतं. भरती समोरून येते असं मला वाटायचं. खाजणात ती नाळांमधून, म्हणजे खाडीच्या बारीक फाट्यांमधून, मागून येते आणि माणसाला मध्ये ठेवून मग समोर येते.

मी सुतळी टाकून एका तिवराला धरलं. भाऊजींनी वळायला पाय उचलला आणि तो निघेना. दुसऱ्या पायावर भार दिला, तोही मांडीपर्यंत गेला. पाणी माझ्या गुडघ्याला आणि त्यांच्या कमरेला लागलं होतं. मी हात पुढे केला, मध्ये दोन हात अंतर राहिलं. मी ओरडत होतो, आणि ते माझ्याकडे शांतपणे बघत होते. त्यांच्या ओठांवरून मला कळलं की ते काहीतरी बोलतायत, पण सवयीने इतकं हळू की ऐकूच येत नव्हतं. पाणी छातीला आलं तेव्हा त्यांनी वही डोक्यावर धरली.

नाळेतून एक छोटी होडी आली. होडीत पास्कूकाका होते, गोराईचे साठीचे मासेमार. आम्हाला ते तोंडओळखीने माहीत होते. आम्ही दर रविवारी त्यांच्या जाळ्यातली मासळी मोजायला मागायचो आणि ते हसायचे. त्यांनी होडीतली फळी पाण्यावर टाकली आणि तिच्यावर पालथे पडले. "हलू नका सर. हलाल तितके खाली जाल. हात द्या." भाऊजींनी आधी वही पुढे केली. पास्कूकाकांनी ती दातांत धरली. मग काखेखाली हात घालून त्यांना इंच इंच ओढलं. किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. भाऊजी वर आले तेव्हा त्यांचे दोन्ही बूट चिखलात राहिले होते आणि पाणी माझ्या कमरेच्या वर आलं होतं.

पास्कूकाकांच्या घरी त्यांच्या बायकोने आम्हाला कोरडे कपडे दिले. भाऊजी पास्कूकाकांची लुंगी गुंडाळून ओट्यावर बसले. पास्कूकाका त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "सर, एक काम करा. आमच्या बापाच्या टायमाला या खाजणात ऊद होते." ऊद म्हणजे पाणमांजर. "तुमी कागदावर लिवा, ऊद बघितला. ऊद हाय म्हटलं का बांध घालनार नाय, असं आमाला एक मास्तर बोलला."

भाऊजींनी विचारलं, "तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?"

"मी बारका होतो."

"त्यानंतर?"

"नाय."

"पावलं? विष्ठा? अर्धवट खाल्लेली मासळी?"

पास्कूकाकांनी नकारार्थी मान हलवली. त्यांच्या बायकोने दारातून म्हटलं, "आज तुमाला चिखलातून काडला, ता बी लिवनार नाय काय?"

"ते लिहीन," भाऊजी म्हणाले. "पण ऊद मला दिसला नाही, बाई. मी कसा लिहू? आणि उद्या दुसरा माणूस येऊन शोधेल, त्याला सापडणार नाही. मग माझा सगळाच कागद खोटा ठरेल." मग पास्कूकाकांकडे वळून म्हणाले, "तुमच्या जाळ्यात जे येतं ते या चिखलात वाढतं. ते मी मोजलंय. तेवढं लिहितो."

"तेवढ्यानं बांध थांबंल?"

"माहीत नाही."

आम्ही निघालो तेव्हा पास्कूकाका होडीपर्यंत पोचवायला आले नाहीत. मला भाऊजींचा राग आला. ज्या माणसाने तासाभरापूर्वी आपला जीव वाचवला त्याला असं उत्तर देतात का.

सहा आठवडे संपत आले तेव्हा भाऊजींनी लिहिलेली पानं माझ्याकडे दिली. शेवटचं वाक्य असं होतं: 'बांध घातल्यास भरतीचं पाणी आत येणं थांबेल आणि गावाची मासळी संपेल, म्हणून या खाजणातून बांध घालू नये.' त्याच आठवड्यात कंपनीचे मॅनेजर माझ्या कचेरीत आले. आपण काय लिहिणार ते भाऊजींनी त्यांना आधीच सांगून टाकलं होतं, आणि टाइप कोण करतो तेही, अभिमानाने. मॅनेजर वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. म्हणाले, "तुमच्या भाऊजींसारखा माणूस आम्हाला हवाय. अलिबागपर्यंत आमच्या जागा आहेत, पाच वर्षं पुरेल एवढं काम आहे. फक्त ते शेवटचं वाक्य फार टोकाचं होतंय. 'घालू नये' च्या ऐवजी 'घालताना योग्य ती काळजी घ्यावी'. काळजी घ्या असं तर तेही म्हणतायत ना?"

मी काही कबूल केलं नाही. ते गेले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत, कचेरीत कुणी नसताना, मी मशीनमध्ये कार्बन घालून शेवटचं पान चढवलं. दिवाळी तीन आठवड्यांवर होती. हे काम टिकलं तर भाऊजींना कारखान्यात परत जावं लागणार नव्हतं आणि घरही एकट्या ताईवर राहणार नव्हतं. मला कठड्यावरची ताईची बोटं आठवत होती. मला वाटलं, भाऊजींना चिखलात मरता मरता वाचलेलं मी पाहिलंय, त्यांच्या एका वाक्याचा निकाल मी लावला तर काय बिघडलं. मी 'घालताना योग्य ती काळजी घ्यावी' असं टाइप केलं. पान मशीनमधून काढलं आणि पुन्हा वाचलंच नाही. संध्याकाळी भाऊजींनी फक्त माशांची शास्त्रीय नावं तपासली आणि चारही प्रतींवर सही केली. "तू टाइप केलंयस म्हणजे झालं," म्हणाले.

गावातली सभा तिथल्या शाळेत भरली. बाकांवर माणसं, भिंतीला टेकून बायका, पुढे टेबलामागे मॅनेजर आणि भाऊजी. मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो. मला आशा होती की मॅनेजर वाचतील. त्यांनी कागद भाऊजींपुढे सरकवले. म्हणाले, "सर, तुमचे कष्ट आहेत, तुम्हीच वाचा."

भाऊजी वाचायला लागले, त्यांच्या त्या जंगली कुजबुजीत. मागून लोक म्हणाले, ऐकू येत नाही. ते थोडं मोठ्याने वाचायला लागले. निवटे, खेकडे, बोय, कोळंबी, कुठल्या महिन्यात काय कुठे वाढतं. लोक ऐकायला लागले, कारण ते त्यांचंच होतं आणि कुणी कागदावर लिहिलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मग आलं, 'चौथ्या आठवड्यात सल्लागाराच्या हलगर्जीपणामुळे अपघात झाला. गावातील एका मासेमाराने त्याचे प्राण वाचवले.' बायका हसल्या. मग आलं, 'पूर्वी येथे ऊद असल्याचे सांगतात. पाहणीत ऊद किंवा त्याची कोणतीही खूण आढळली नाही.' पास्कूकाका उठले आणि दारात जाऊन बाहेर तोंड करून उभे राहिले. मॅनेजरनी समाधानाने मान हलवली. एकेक पान उलटत होतं आणि मी उरलेली पानं मोजत होतो. तीन. दोन. मला उठून बाहेर जायचं होतं.

"म्हणून या खाजणातून बांध," भाऊजींनी वाचलं, "घालताना योग्य ती..."

ते थांबले. कागद डोळ्यांजवळ नेला. चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला आणि परत पाहिलं. मग त्यांनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं असणार, कारण त्यांनी नजर लगेच काढून घेतली.

"इथे चूक राहिली आहे," ते म्हणाले. "चूक माझी आहे. मी न वाचता सही केली. वाक्य असं आहे: या खाजणातून बांध घालू नये."

सभेत आवाज उठला. मॅनेजर हळू आवाजात म्हणाले, "सर, सही झालेल्या कागदावर आहे तेच धरलं जातं. अहवाल तोच."

"मग सही परत घेतो," भाऊजी म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं. चार प्रती होत्या. प्रत्येक प्रतीवर त्यांनी ते शब्द सरळ रेघ मारून खोडले, वर मुंग्यांच्या अक्षरात खरे शब्द लिहिले आणि शेजारी पुन्हा सही केली. मॅनेजर खुर्ची मागे सारून उठले आणि दरवाज्यातून, पास्कूकाकांच्या बाजूने, निघून गेले. भाऊजींनी एक प्रत गावच्या पुढाऱ्यांच्या हातात दिली. दारातून पास्कूकाका आत आले आणि भाऊजींच्या समोर उभे राहिले. त्यांनी आभारबिभार मानले नाहीत. "बूट नाय सापडले तुमचे," एवढंच म्हणाले.

परतताना होडीत आम्ही दोघंच होतो आणि होडीवाला. खाडीच्या मध्यावर आल्यावर मी म्हटलं, "भाऊजी, मी ताईसाठी..."

"ते कळलं मला," ते म्हणाले. मग म्हणाले, "तिला सांगू नकोस. आपल्यासाठी कुणी असं केलं, हे कळलं तर ती रात्रंदिवस तेच धरून बसेल." पाण्याकडे बघत होते. त्यांना माझा राग आला होता का, हे मला त्या आवाजावरून कळेना, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

कंपनीने अहवाल अपुरा आहे असं कळवलं आणि दुसरा सल्लागार नेमला. त्याचा अहवाल आठ दिवसांत आला म्हणे. दिवाळी झाली आणि भाऊजी ठरल्याप्रमाणे कारखान्यात परत गेले, रंगांच्या बाटल्यांमध्ये. दारावरची पाटी ताईने काढू दिली नाही. गावकरी ती खोडाखोड केलेली प्रत घेऊन या कचेरीतून त्या कचेरीत हिंडत राहिले. बांध काही झाला नाही. गावकरी म्हणत, तुमच्या भाऊजींच्या कागदाने थांबला. कुणी म्हणत, कंपनीला दुसरीकडे स्वस्त जागा मिळाली. भाऊजींना विचारलं तर ते म्हणत, "माहीत नाही," आणि त्यांना खरंच माहीत नव्हतं.

पुढे दोन-तीन वर्षांनी सरकारी नियम बदलले, असे अहवाल मागणाऱ्यांची संख्या वाढली. एका मोठ्या अधिकाऱ्याने म्हणे ती प्रत पाहिली होती. त्याने भाऊजींना बोलावून घेतलं आणि पहिलंच विचारलं, "भरसभेत स्वतःचं वाक्य खोडणारे तुम्हीच का?" तिथून मात्र त्यांचं काम सुरू झालं ते थांबलं नाही. मढपासून वसईपर्यंतची खाजणं त्यांनी पायाखाली घातली. कारखाना सोडायला दुसऱ्या वेळी ताईनेच सांगितलं. आणि अहवाल टाइप करायला ते माझ्याकडेच येत राहिले. गोराईनंतरचा पहिला अहवाल घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, "दुसरा कुणी बघा भाऊजी." ते म्हणाले, "दुसऱ्याला माझं अक्षर लागायचं नाही." मी प्रत्येक पान तीनतीनदा वाचत असे. ते अजूनही फक्त माशांची नावं तपासत.

आता त्यांची नजर अधू झाली आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन करूनही लांबचं दिसत नाही. ताई म्हणते, घरात बसून ते चिडचिडे होतात, म्हणून थंडीत एखाद्या रविवारी मी त्यांना गोराईच्या धक्क्यावर नेतो. पास्कूकाका राहिले नाहीत, पण त्यांची माणसं खुर्ची आणून देतात. ओहोटी असते. भाऊजी काठीवर हनुवटी टेकून बसतात आणि विचारतात, "काय दिसतंय?"

"बगळे आहेत."

"किती?"

"सात असावेत."

"असावेत?"

मी म्हणतो, "थांबा, परत मोजतो." आणि एका हाताने उन्हाची तिरीप अडवून मी पहिल्यापासून मोजायला लागतो. माझं मोजून होईपर्यंत ते नुसते थांबून राहतात.